लोकप्रिय गीताचे अर्थवाही गायन

ओळखीचे गाणे कोण, कोणाला आणि कोणत्या मनःस्थितीत म्हणत आहे, हे गायकाने स्वतः ठरवून गाणे म्हणजे अर्थवाही गायन. मूळ ध्वनिमुद्रणाबरहुकूम, सुरातालात म्हटलेले गाणे निर्दोष असू शकते. पण त्यातले सगळे निर्णय मूळ गायकाचेच असतात.

हा फरक आवाजाच्या ताकदीचा नाही. जादा हरकती घेतल्या, शेवट वरच्या पट्टीत नेला, की गाणे आपले झाले असा समज फार पसरला आहे. त्याने गाणे अवघड होते, एवढेच. खरे काम बारीक जागी चालते. ‘तू गेलास, तरी मी इथेच आहे’ अशी एखादी ओळ घ्या. चाल तीच ठेवून ‘गेलास’वर वजन दिले तर तक्रार ऐकू येते, ‘मी’वर दिले तर ताठा, ‘इथेच’वर दिले तर वाट पाहणे. ‘तरी’च्या आधी श्वास घेतला, तर पुढचे शब्द गाणारीला आत्ताच सुचल्यासारखे वाटतात.

अशा बारकाव्यांना मायक्रोफोनने वाव दिला. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण रुळू लागले आणि ध्वनिमुद्रण यंत्राच्या कर्ण्यात जोर लावून गाण्याची गरज संपली. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे चालीचा पल्ला आखडून घेई आणि शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवी, त्यामुळे गाणे बोलण्याच्या जवळ येई. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा लांब श्वास टॉमी डॉर्सी या वाद्यवृंदप्रमुखाच्या ट्रॉम्बोनवादनातून (ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य) शिकला. ओळ संपली म्हणून थांबायचे नाही, वाक्य संपेल तिथे थांबायचे, ही त्याची शिस्त होती.

सर्वात स्पष्ट उदाहरण ‘रिस्पेक्ट’ (म्हणजे मान) या गाण्याचे. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगने 1965 मध्ये ते गायले तेव्हा त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागत होता. 1967 मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिनने तेच गाणे बाईच्या तोंडी दिले. शीर्षकातले एकेक अक्षर सुटे करून म्हणण्याची जागा तिची, मूळ गाण्यात ती नाही. विनवणीची मागणी झाली आणि पुढे ते गाणे स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळींनी आपले मानले.

स्वतःच्या गाण्याचाही अर्थ नव्याने लावता येतो. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेलने आपले ‘बोथ साइड्स नाउ’ (आता दोन्ही बाजू) पंचविशीत गिटारवर गायले. 2000 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, तिने ते वाद्यवृंदासह, खाली उतरलेल्या आवाजात आणि संथ लयीत पुन्हा प्रसिद्ध केले. आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहिल्याचे ते शब्द मला या दुसऱ्या गायनातच खरे वाटतात.

समूहगायनात मात्र मूळ चाल आणि ठेका जसाच्या तसा ठेवावा लागतो. मागे रेंगाळणाऱ्या गायकामागून इतरांना एकत्र गाता येत नाही.