वैद्यकीय प्रतिमांकनातील व्यावसायिक सहकार्य

एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी यांसारख्या तपासण्या अचूक आणि सुरक्षित व्हाव्यात यासाठी निरनिराळ्या व्यवसायांतील तज्ज्ञांनी मिळून केलेले काम. तपासणी सुचवणारे डॉक्टर, प्रतिमा घेणारे तंत्रज्ञ, किरणांची मात्रा मोजणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, अहवाल लिहिणारे रेडिओलॉजिस्ट आणि यंत्रे घडवणारे अभियंते यांचा त्यात वाटा असतो.

सहकार्याची खरी कसोटी तपासणीच्या चिठ्ठीपासूनच लागते. चिठ्ठीवर नुसते ‘पोटाचा सीटी’ एवढेच असेल, तर तपासणी कशी करायची हे ठरवणे अवघड होते. मूतखड्याची शंका असल्यास कॉन्ट्रास्ट (अवयव प्रतिमेत उठून दिसावेत म्हणून दिले जाणारे द्रव्य) न देता, किरणांच्या कमी मात्रेत काम भागते. यकृतातील गाठीसाठी मात्र कॉन्ट्रास्ट देऊन ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा स्कॅन करावे लागते आणि दर फेरीला किरणांची मात्रा वाढते. नेमके काय शोधायचे आहे हे एका ओळीत लिहिले, तर रुग्णाला अनावश्यक मात्रा टळू शकते. या साध्या गोष्टीकडे होणारे दुर्लक्ष गंभीर आहे.

क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यांच्यामुळे होणाऱ्या इजा लवकरच दिसू लागल्या आणि 1928 मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत संरक्षणविषयक समिती स्थापन झाली. आजचा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग (आयसीआरपी) तो हाच. पुढे 1983 मध्ये अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रनिर्मात्यांची संघटना यांनी संयुक्त समिती नेमली. तिच्या कामातून ‘डायकॉम’ हे प्रतिमांसाठीचे सामायिक मानक आकाराला आले. एका कंपनीच्या यंत्रावरील प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडते ती त्यामुळेच.

मात्रेच्या बाबतीत ‘निदान संदर्भ पातळी’ फार उपयोगी ठरली. एकाच तपासणीसाठी अनेक केंद्रांत सामान्यतः किती मात्रा वापरली जाते याची आकडेवारी गोळा करतात आणि तीन चतुर्थांश केंद्रे जिच्या आत राहतात ती पातळी संदर्भ मानतात. एखाद्या केंद्राची मात्रा सातत्याने तिच्या वर जात असेल, तर तेथील तंत्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून कारण शोधायचे असते. ही एकेका रुग्णासाठीची मर्यादा नव्हे. स्थूल रुग्णाला जास्त मात्रा लागणारच. मुलांसाठी मात्रा त्यांच्या आकारमानानुसार ठेवावी, यासाठी 2008 मध्ये ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली. तिच्या संस्थापकांत डॉक्टर, तंत्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ या तिन्ही गटांच्या संघटना होत्या.

अशा विचारविनिमयातून जुन्या सवयीही सुटतात. एक्स-रे काढताना जननग्रंथींवर शिशाचे आवरण ठेवण्याची रीत अनेक दशके चालली. 2019 मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ती नेहमीची पद्धत म्हणून बंद करावी असे सुचवले. आवरणामुळे महत्त्वाचा भाग झाकला जातो आणि ते चुकीच्या जागी आले तर किरणांची मात्रा ठरवणारा यंत्रातील स्वयंचलित नियंत्रक उलट मात्रा वाढवतो. शरीरातच विखुरणारे किरण तर आवरणाने अडतच नाहीत.

प्रतिमांच्या वाचनातील चुका हा नाजूक विषय. अनुभवी तज्ज्ञांच्या नजरेतूनही छातीच्या एक्स-रेमधील लक्षणीय खुणा निसटतात, हे रेडिओलॉजिस्ट एल. हेन्री गार्लंड यांनी 1949 मध्येच दाखवले होते. सहकाऱ्याच्या अहवालाला गुण देण्याच्या पद्धतीत मानहानीची भीती राहते आणि चुका झाकल्या जातात. म्हणून आता अनेक विभाग नावे वगळून अशी प्रकरणे बैठकीत मांडतात आणि शस्त्रक्रियेत किंवा बायॉप्सीत काय निघाले ते मूळ अहवालाशी ताडून पाहतात. या बैठकांचा वेळ कामाच्या तासांत धरला जात नाही तेथे त्या फार काळ टिकत नाहीत.