यीस्ट इन्फेक्शन की बीव्ही? प्रेग्नन्सीत दोघांचं औषध एक नाही

प्रेग्नन्सीत अंगावरून पांढरं जायचं प्रमाण वाढतंच. पातळ, पांढरट, वास नाही, खाज नाही असं असेल तर ते नॉर्मल आहे, त्याला औषध लागत नाही. गोंधळ होतो तो पुढे, कारण थोडं वेगळं काही दिसलं की सगळेच "यीस्ट असेल, क्रीम लाव" म्हणतात आणि बऱ्याचदा ते यीस्ट नसतंच, बीव्ही म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतं.

यीस्ट म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी. ती थोडीफार अनेकींच्या अंगात असतेच, पण गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, योनीमार्गात ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा वाढतो आणि बुरशीला आयतं खायला मिळतं. शुगर वाढलेली असेल किंवा नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर आणखीनच. स्त्राव घट्ट, पांढरा, फुटलेल्या दुधासारखा गुठळ्या गुठळ्यांचा, वास फारसा नाही पण खाज अशी की झोप लागत नाही, लाली, सूज, लघवी करताना बाहेरून आग.

बीव्हीमध्ये बाहेरून काही नवीन आलेलं असतंच असं नाही, आतला तोल बिघडतो. लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू आम्लता टिकवून ठेवतात, पीएच म्हणजे आम्लतेचं माप साधारण ३.८ ते ४.५ (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), हे जंतू कमी झाले की गार्डनेरेला वगैरे दुसरे जंतू माजतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. यीस्टमध्ये पीएच बहुतेक वेळा नॉर्मलच राहतो, म्हणून डॉक्टरांना पीएच तपासायची साधी पट्टी खूप कामाची. बीव्हीचा स्त्राव पातळ, राखाडी पांढरा, आणि मासळीसारखा वास, संबंधानंतर जास्त जाणवणारा. खाज कमी किंवा नाहीच. आणि बीव्ही असलेल्या बऱ्याच जणींना तर कसलाच त्रास होत नाही.

आता खरी गोम इथे आहे. जास्त छळतं ते यीस्ट, पण पोटातल्या बाळाला त्याचा सहसा धोका नसतो, फार तर प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्ग होऊन तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात आणि ते औषधाने बरे होतात. गप्प बसणाऱ्या बीव्हीचा संबंध मात्र बाळाभोवतालची पाण्याची पिशवी लवकर फुटण्याशी आणि ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याशी आढळलेला आहे. घाबरू नका, बीव्ही असलेल्या बहुतेक बायकांची प्रसूती वेळेवरच होते. उपचाराने हा धोका नक्की कमी होतो असंही सगळ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून काहीच लक्षण नसेल आणि आधी लवकर प्रसूती झालेली नसेल तर सरसकट टेस्ट करत नाहीत. पण वास येतोय तर दाखवायचंच, खाज नाही म्हणून सोडायचं नाही.

औषधं पूर्ण वेगळी. यीस्टला क्लोट्रिमाझोलसारखी क्रीम किंवा आत ठेवायची गोळी, प्रेग्नन्सीत साधारण ७ दिवस, तोंडावाटे घ्यायची फ्लुकोनाझोल शक्यतो टाळतात. बीव्हीला मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. बीव्हीवर यीस्टची क्रीम लावली तर काही उपयोग नाही, उलट यीस्टवर अँटिबायोटिक घेतलं तर खाज वाढायचीच शक्यता.

टाळायचं म्हणाल तर आतून धुणं आधी बंद करा, डूश, सुगंधी वॉश, काहीही नको, त्याने चांगले जंतूच वाहून जातात आणि वास येतो म्हणून अजून धुतलं की बीव्ही हटत नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. सुती, सैल चड्डी, घामाचे ओले कपडे लगेच बदलणं आणि शुगर ताब्यात ठेवणं याचा फायदा यीस्टला आळा घालायला जास्त होतो.

हिरवट पिवळा फेसाळ स्त्राव, ताप, रक्त, ओटीपोटात दुखणं, किंवा पाण्यासारखं सतत गळणं यातलं काही असेल तर यीस्ट की बीव्ही हा विचार करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि साध्या तपासणीला जाताना आधी क्रीम लावून जाऊ नका, स्वॅबमध्ये, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यात, मग नीट काही कळत नाही.