शहरी सामुदायिक महाविद्यालय : अमेरिकेतील प्रारंभकाळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोठ्या शहरांत स्थानिक व राज्य करांच्या आधारे चालणारी आणि माध्यमिक शिक्षणानंतरची पहिली दोन वर्षे शिकवणारी सार्वजनिक संस्था. विद्यार्थी घरूनच ये-जा करतात, वसतिगृह सहसा नसते, प्रवेशाला फारशी अट नसते आणि सुरुवातीच्या काळात शुल्कही नसे किंवा नाममात्र असे. विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्यासाठीचे शिक्षण आणि थेट नोकरीसाठीचे शिक्षण या दोन्ही धारा एकाच छपराखाली चालतात. प्रस्तुत नोंदीत साधारणतः १८९६ ते १९७६ या कालखंडाचा विचार केला आहे.

‘सामुदायिक महाविद्यालय’ हे नाव १९४७ नंतर रुळले. त्यापूर्वी या संस्थांना ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. महाराष्ट्रात ज्युनिअर किंवा कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकी ज्युनिअर कॉलेजात मात्र शालेय शिक्षणाची बारा वर्षे संपल्यावरचे तेरावे आणि चौदावे वर्ष शिकवले जाते. मराठी लेखनात या दोहोंची गल्लत वारंवार होते, म्हणून हा भेद आधीच नोंदवलेला बरा.

उगम : पहिले ज्युनिअर कॉलेज कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कल्पनेचे मूळ बहुतेक जण जर्मन शिक्षणपद्धतीत शोधतात. तेथे सामान्य शिक्षण गिम्नाझियम या माध्यमिक शाळेत संपते आणि विद्यापीठात थेट विशेष अभ्यास सुरू होतो. मिशिगन विद्यापीठाचे हेन्री टॅपन आणि मिनेसोटा विद्यापीठाचे विल्यम फॉलवेल यांनी एकोणिसाव्या शतकात पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेर काढण्याचा विचार मांडला होता; पण तो प्रत्यक्षात आला नाही. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये पदवी शिक्षणाचे दोन भाग केले. त्यांतील पहिल्या भागाला काही वर्षांतच ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव मिळाले. म्हणजे संस्था या अर्थाने रूढ होण्यापूर्वी हा शब्द विद्यापीठाच्या एका विभागाचे नाव होता.

शिकागोच्या नैर्ऋत्येस असलेल्या जोलिएट येथे हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हार्पर यांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर वर्ग उघडला. ‘पदव्युत्तर’ याचा अर्थ येथे ‘हायस्कूलच्या प्रमाणपत्रानंतरचा’ एवढाच आहे. अमेरिकेतील सर्वांत जुने, आजही चालू असलेले सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय हा मान सहसा जोलिएटला दिला जातो. तारखांकडे नीट पाहिले, तर मात्र प्रश्न सुटत नाही. १९०१ मध्ये वर्ग भरला. शाळामंडळाने त्याला औपचारिक मान्यता देऊन शिक्षण विनाशुल्क केले ते डिसेंबर १९०२ मध्ये. आणि जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे नाव आले १९१६ मध्ये. त्यानंतरच्या वर्षी प्रादेशिक मान्यता मंडळाची मोहोर उमटली. वर्ग हीच संस्था मानायची तर १९०१ योग्य ठरते, पण नाव आणि स्वतंत्र ओळख निर्णायक मानल्यास हा मान इतरत्र जातो. खासगी संस्थांचा समावेश केला तर शिकागोत १८९६ मध्ये सुरू झालेल्या लुइस इन्स्टिट्यूटचे नाव पुढे येते. ती संस्था पुढे १९४० मध्ये आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये विलीन होऊन इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा भाग झाली. त्याहून जुन्या काही अकादमींचाही उल्लेख होतो, परंतु त्यांची दोन वर्षांची ओळख बरीचशी मागाहून चिकटवलेली वाटते.

कॅलिफोर्नियातील वाट वेगळी होती. राज्याचे सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या १९०७ च्या कायद्याने हायस्कूलांना तेराव्या-चौदाव्या वर्षाचे वर्ग काढण्याची मुभा दिली. तिचा पहिला लाभ १९१० मध्ये फ्रेझ्नोने घेतला. १९१७ च्या कायद्याने या वर्गांना आर्थिक साहाय्य मिळाले आणि १९२१ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र महाविद्यालयीन जिल्हे, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारी शैक्षणिक क्षेत्रे, स्थापता येऊ लागले. बर्कलीचे ॲलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन हे या चळवळीचे पुरस्कर्ते होते.

जोलिएट आणि हार्पर यांची कथा सांगताना विद्यापीठाने ही संस्था जन्माला घातली, असा सूर लागतो. शहरी महाविद्यालयांपुरता तो पुरेसा वाटत नाही. शहरांत ही संस्था शाळामंडळांनी काढली. हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि परगावच्या विद्यापीठाचा खर्च बहुतेक घरांना झेपणारा नव्हता. तिची जागा, तिचे शिक्षक, तिचा पैसा, सारे शाळांचेच होते. म्हणून तिचे सुरुवातीचे सामर्थ्य आणि दुबळेपणा या दोहोंचा शोध शाळामंडळाच्या अर्थसंकल्पात घ्यावा लागतो. शिकागोचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे.

शिकागो : शहराच्या पश्चिम भागातील क्रेन तांत्रिक हायस्कूलच्या इमारतीत १९११ मध्ये क्रेन ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. शहराच्या शाळांच्या अधीक्षक त्या वेळी एला फ्लॅग यंग होत्या. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे सांभाळणारी ती देशातील पहिली स्त्री. आरंभी मूठभर विद्यार्थी होते. ते हायस्कूलच्याच मुलांबरोबर त्याच दारातून आत जात आणि त्याच प्रयोगशाळा व कर्मशाळा वापरत. बरेच विद्यार्थी स्थलांतरितांच्या घरांतले होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस क्रेनची विद्यार्थिसंख्या काही हजारांवर गेली आणि देशातील मोठ्या ज्युनिअर कॉलेजांत त्याची गणना होऊ लागली.

१९२९ नंतरच्या महामंदीने हा डोलारा कोसळला. शिकागोचे शाळामंडळ इतके कर्जबाजारी झाले होते की शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकत. जुलै १९३३ मध्ये मंडळाने काटकसरीचा आराखडा मंजूर केला. त्यात कनिष्ठ माध्यमिक शाळा रद्द झाल्या, बालवाड्या निम्म्यावर आल्या आणि क्रेन बंद करण्यात आले. शहरभर निषेध उठला. प्रसिद्ध वकील क्लॅरेन्स डॅरो यांचे पाठबळ त्याला मिळाले. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, एकाऐवजी तीन महाविद्यालये उघडली : पश्चिमेस हर्झल, दक्षिणेस विल्सन आणि वायव्येस राइट. यांतील हर्झल आणि राइट शालेय इमारतींतच भरली. पुढे नामवंत झालेल्या कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स विल्सनमधून १९३६ मध्ये उत्तीर्ण झाल्या. १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय साहित्यिक. काही वर्षांपूर्वीच बंद पाडलेल्या व्यवस्थेतून असे विद्यार्थी घडले, ही गोष्ट या संस्थांचे मोल सांगते.

नंतरची हकिगत नावांतून वाचता येते. हर्झलचे १९५४ मध्ये पुन्हा क्रेन झाले आणि १९६९ मध्ये कृष्णवर्णीय समाजाच्या आग्रहाने माल्कम एक्स कॉलेज. त्याच वर्षी विल्सनला रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावांवरून केनेडी-किंग म्हणू लागले. इलिनॉयच्या १९६५ च्या कायद्यानंतर १९६६ मध्ये ही महाविद्यालये शाळामंडळापासून वेगळी झाली आणि त्यांचा स्वतंत्र जिल्हा, क्रमांक ५०८, स्थापन झाला. म्हणजे शाळांच्या खात्यातून बाहेर पडायला ५५ वर्षे लागली.

शिकागोचा आणखी एक प्रयोग आज विस्मरणात गेला आहे. १९५६ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने आणि डब्ल्यूटीटीडब्ल्यू या दूरचित्रवाणी केंद्रावरून येथे ‘टीव्ही कॉलेज’ सुरू झाले. व्याख्यान घरच्या पडद्यावर पाहायचे, स्वाध्याय टपालाने पाठवायचे आणि परीक्षेपुरते महाविद्यालयात यायचे. लहान मुले सांभाळणाऱ्या गृहिणींना आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या अपंगांना याचा विशेष उपयोग झाला. दूरशिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाला अधिक जागा मिळायला हवी.

इतर शहरे : डेट्रॉइट ज्युनिअर कॉलेज सेंट्रल हायस्कूलमध्ये १९१७ मध्ये निघाले, १९२३ मध्ये चार वर्षांचे झाले आणि पुढे वेन विद्यापीठात रूपांतरित झाले. यशस्वी शहरी महाविद्यालय दोन वर्षांपुरते राहीलच असे नाही, हे यावरून दिसते. लॉस एंजेलिसमध्ये उलटे घडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाची दक्षिण शाखा वेस्टवूडला हलल्यावर व्हर्माँट ॲव्हेन्यूवरची तिची मोकळी झालेली जागा १९२९ मध्ये ज्युनिअर कॉलेजला मिळाली. त्याचे पहिले संचालक विल्यम स्नायडर यांनी ‘अर्ध-व्यावसायिक’ अभ्यासक्रम आखले. अभियंता आणि कारागीर यांच्या मधल्या पायरीवरची माणसे तयार करणे हा त्यांचा हेतू. इतर शहरांनी हे प्रारूप उचलले.

दोन धारांचा वाद : १९२०च्या उन्हाळ्यात सेंट लुइस येथे ज्युनिअर कॉलेजांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. परिषदेची जुळवाजुळव संघराज्याच्या शिक्षण कार्यालयातील जॉर्ज झूक यांनी केली होती. संघटनेच्या १९२२ च्या व्याख्येत काटेकोर महाविद्यालयीन दर्जाची दोन वर्षे एवढेच होते. तीन वर्षांत तिच्यात समाजाच्या बदलत्या गरजांनुसारच्या व्यवसायशिक्षणाची भर पडली. १९२१-२२ मध्ये देशात २०७ ज्युनिअर कॉलेजे होती. त्यांपैकी सार्वजनिक केवळ ७०. पुढच्या दशकांत हे प्रमाण पालटले.

विद्यार्थ्यांना मात्र विद्यापीठात जायचे होते. नेते व्यवसायशिक्षणावर भर देत राहिले आणि विद्यार्थी विद्यापीठाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांत गर्दी करत राहिले. बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्ये या तिढ्याचे विश्लेषण केले. प्रवेशाआधी चाचणी, गुण कमी पडले की उपचारात्मक वर्ग, मग समुपदेशकाशी बैठक, आपली क्षमता आणि व्यवसाय जुळवून पाहायला लावणारा सक्तीचा परिचयवर्ग, प्रगती असमाधानकारक असल्याच्या सूचना, आणि शेवटी परिवीक्षा (प्रोबेशन). कुणीही ‘नाही’ म्हणत नाही, तरी विद्यार्थ्याची आकांक्षा हळूहळू निवते. क्लार्क यांनी या प्रक्रियेला ‘थंड करणे’ असे नाव दिले; ही संज्ञा त्यांनी समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांच्याकडून घेतली. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांनी १९८९ मध्ये व्यवसायशिक्षणाकडचे वळण संस्थांच्या चालकांनी घडवले, विद्यार्थ्यांनी मागितले नव्हते, असे दाखवले. केव्हिन डोहर्टी यांनी यात स्थानिक व राज्य अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या हितसंबंधांवर बोट ठेवले. शहरी संस्थांच्या बाबतीत शेवटचे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण निर्णय शाळामंडळे आणि नगरपालिकांच्या हाती होते. तथापि यातील बहुतेक लेखन संस्थाचालकांच्या कागदपत्रांवर उभे आहे. विद्यार्थ्यांचा आवाज त्यात क्षीण आहे.

१९४७ नंतर : दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि वर्ग ओसंडू लागले. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ मध्ये अहवाल द्यायला सुरुवात केली. आयोगाचे अध्यक्ष तेच जॉर्ज झूक. किमान ४९ टक्के लोकसंख्येत चौदा वर्षांचे शिक्षण पूर्ण करण्याची बौद्धिक क्षमता आहे, असे आयोगाने म्हटले आणि घराजवळच्या विनाशुल्क ‘सामुदायिक महाविद्यालयां’चे जाळे सुचवले. वंश, धर्म आणि आर्थिक स्थिती यांमुळे आड येणाऱ्या भिंती पाडण्याचा आग्रहही त्यात होता.

मायामीत १९६० मध्ये डेड काउंटी ज्युनिअर कॉलेज १,४२८ विद्यार्थ्यांनिशी उघडले. तात्पुरत्या इमारतींमुळे लोक त्याला कोंबड्यांचे खुराडे म्हणत. वंशविभाजनाच्या त्या फ्लोरिडात कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय आणि क्यूबातून नुकतेच आलेले निर्वासित येथे एका वर्गात बसले. क्लीव्हलंडमध्ये १९६३ मध्ये कायाहोगा कम्युनिटी कॉलेज ब्राउनेल या एकोणिसाव्या शतकातील शाळेच्या इमारतीत सुरू झाले.

न्यूयॉर्क : ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजची स्थापना १९५७ मधली; त्याचे पहिले अध्यक्ष मॉरिस माइस्टर हे ब्राँक्स विज्ञान हायस्कूलचे संस्थापक मुख्याध्यापक होते. वर्गही त्या हायस्कूलच्या जुन्या इमारतीत भरले. मॅनहॅटनचे महाविद्यालय मिडटाउनमधील व्यापारी इमारतीत भाड्याने सुरू झाले. या महाविद्यालयांना सामावणाऱ्या सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने १९७५ साठी ठरलेला खुला प्रवेश १९६९ च्या विद्यार्थी आंदोलनामुळे सप्टेंबर १९७० मध्येच लागू केला. शहरातील कोणत्याही हायस्कूलचे प्रमाणपत्र असलेल्यास विद्यापीठात जागा मिळू लागली. त्याच वर्षी दक्षिण ब्राँक्समधील टायरच्या जुन्या कारखान्यात होस्टोस कम्युनिटी कॉलेज उघडले. पोर्तो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ एउखेनिओ मारिया दे होस्टोस यांचे नाव त्याला आहे. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत तेथे शिकता येई. पुढच्या वर्षी क्वीन्सच्या लाँग आयलंड सिटीत, फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनीच्या कारखान्याच्या इमारतीत, लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज आले. पहिले अध्यक्ष जोसेफ शेंकर यांनी पूर्णवेळ विद्यार्थ्यांना आळीपाळीने एक सत्र वर्गात आणि एक सत्र प्रत्यक्ष नोकरीत घालवणे बंधनकारक केले. बँका, इस्पितळे, कचेऱ्या येथे मुले कामाला जात आणि परत येऊन त्या अनुभवावर वर्गात चर्चा होई. दोन धारा एकत्र आणण्याचा इतका थेट प्रयत्न तोवर क्वचितच झाला होता.

१९७५च्या सुमारास न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. १९७६च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पैसे संपल्याने संपूर्ण सिटी युनिव्हर्सिटी काही दिवस बंद राहिली. त्या शरद ऋतूत, १८४७ पासून चालत आलेले विनाशुल्क शिक्षण संपवून शुल्क लावण्यात आले. होस्टोसचे ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजमध्ये विलीनीकरण करण्याचा प्रस्तावही पुढे आला होता. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतील लोकांनी इमारतीचा ताबा घेतला, मोर्चे काढले, राजधानी ऑल्बनीपर्यंत गाऱ्हाणे नेले. त्याच वर्षी राज्य विधिमंडळाने होस्टोससाठी स्वतंत्र तरतूद केली आणि महाविद्यालय टिकले.