नाथसागरासाठी दोन डोलकाठ्यांची जुळी होडी

जायकवाडी भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४६३.९ मीटरवर जाते आणि पैठणच्या भिंतीमागे नाथसागर या जलाशयात सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी पसरतं. लांबी ५५ किलोमीटरच्या आसपास, रुंदी काही ठिकाणी २७. बालाघाटच्या डोंगरावर पाटोदा, भूम, वाशीकडच्या पवनचक्क्या फिरवणारा पावसाळी वारा या उघड्या पाण्यावरूनही वाहतो. तरी इथे शीड सहसा दिसत नाही. भोई मंडळी चप्पू वल्हवत जाळी टाकतात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, ही बातमी २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचली.

या पाण्याला शिडाची जुळी होडी, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन होडक्यांची कॅटमरान, हवी असं मला मनापासून वाटतं. मात्र ती चित्रात दिसते तशी उंच डोलकाठीची नको. तिला प्रत्येक होडक्यावर एक अशा दोन बुटक्या डोलकाठ्या हव्यात. ही मांडणी का हवी, ते वळवाच्या वाऱ्याचा हिशेब केला की कळतं.

समजा होडी ६ मीटर लांब आहे. दोन माणसं आणि जाळी धरून वजन ४०० किलो. दोन होडक्यांच्या मध्यरेषांमध्ये ३ मीटर अंतर. वाऱ्याने एक होडकं पाण्यातून सुटायला लागलं की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि होडीचं वजन त्या आधारापासून दीड मीटरवरून तिला खाली ओढत राहतं. म्हणजे होडी सावरून धरणारं आघूर्ण (बल गुणिले अंतर) ४०० × ९.८ × १.५, एकूण ५,८८० न्यूटन-मीटर. होडीकडे यापेक्षा जास्त काही शिल्लक नाही.

आता उलथवणारी बाजू. शीड १२ चौरस मीटरचं. इथल्या उंचीवरची तापलेली हवा थोडी विरळ, घनमीटरला साधारण १.१ किलो. शिडाला लागणारा वारा ताशी २१.६ किलोमीटरचा असेल तर शिडावर अंदाजे २८५ न्यूटन बल येतं. उंच शिडात हे बल आणि पाण्याचा विरोध यांच्यात सुमारे ४ मीटर अंतर पडतं, म्हणजे ११४० न्यूटन-मीटर. इथवर काळजीचं काही नाही. पण वाऱ्याचं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. वैशाखातल्या दुपारी आभाळ अचानक काळवंडतं आणि धुळीचा लोट घेऊन ताशी ५४ किलोमीटरचा झोत येतो, तेव्हा तेच बल सव्वासहापट होतं. उलथवणारं आघूर्ण ७,१०० च्या वर जातं आणि होडी पालथी होते. पालथी झालेली कॅटमरान उलटी असतानाही तितकीच स्थिर असते. दोन माणसांना ती पाण्यातून सरळ करणं फार कठीण.

तेवढंच कापड ६-६ चौरस मीटरच्या दोन बुटक्या शिडांत वाटलं तर बल तेच राहतं, पण अंतर सुमारे अडीच मीटरवर येतं. त्याच झोतात आघूर्ण ४,४५० च्या आसपास भरतं आणि होडी तगते. वजन वाढवलेलं नाही, रुंदी वाढवलेली नाही. फक्त शीड खाली आणलं.

दुसरा फायदा होडीच्या मधोमध आहे. नेहमीच्या कॅटमरानमध्ये डोलकाठी आडव्या तुळईच्या मध्यावर उभी असते आणि ताणलेल्या तारा तिला खाली दाबत असतात, म्हणून ती तुळई भक्कम आणि जड करावी लागते. इथे काठ्या आपापल्या होडक्यात रोवलेल्या, तारा नाहीतच. मधली जागा जाळ्यांना आणि मासळीला मोकळी. तारा नसल्यामुळे काठीचा वरचा भाग झोतात वाकतो आणि शिडाचा शेंडा आपोआप वारा सोडून देतो. तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो होडक्याच्या वरच्या कडेशी, जिथे ती आत शिरते. तिथे जाडीत कंजूषी चालत नाही. भरीव गोल काठीची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे व्यास दहा टक्के वाढवला तर ताकद एक तृतीयांशाने वाढते.

शीड मी चिनी जंक पद्धतीचं घेईन. त्यात कापडाच्या आडव्या पट्ट्या असतात आणि दर दोन पट्ट्यांमध्ये बांबूची कामटी. वारा वाढला की दोर सैल सोडायचा. दाराचा चिकाचा पडदा दुमडावा तसं शीड पट्टी-पट्टीने खाली बसतं. त्यासाठी कुणाला होडीच्या टोकाशी जावं लागत नाही. ब्लाँडी हॅसलर यांनी असंच शीड लावलेल्या ‘जेस्टर’ या छोट्या नौकेतून १९६० ची एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत पुरी केली आणि दुसरा क्रमांक मिळवला.

दोन डोलकाठ्यांची उणीवही आहे. वारा थेट बाजूने आला की वाऱ्याकडचं शीड दुसऱ्याला आडोसा करतं. होडी वेग घेते तेव्हा तिला लागणारा वारा पुढून आल्यासारखा होतो आणि हा आडोसा कमी होतो, पण मंद वाऱ्यात तो जाणवतोच. वारा मागून असेल तर मात्र दोन्ही शिडं शेजारी-शेजारी पूर्ण भरतात.

पीट गॉस यांची ‘टीम फिलिप्स’ ही अवाढव्य कॅटमरान याच मांडणीची होती. मार्च २००० मध्ये चाचणीतच तिच्या एका होडक्याचं पुढचं टोक तुटलं आणि डिसेंबरात वादळात ती अटलांटिकमध्ये सोडून द्यावी लागली. टोक तुटलं ते होडक्याचं, म्हणून दोन काठ्यांची कल्पना त्यामुळे बाद होते असं मी मानत नाही.

होडकी कशी असावीत? इथे जेम्स व्हॅरम यांचं ऐकावं. १९५० च्या दशकात त्यांनी स्वतः बांधलेल्या साडेतेवीस फुटी ‘तांगारोआ’तून अटलांटिक ओलांडला. पुढे त्यांच्या आराखड्यांत खोल व्ही आकाराची होडकी आणि दोरांनी बांधलेल्या तुळया ही ओळख झाली. नाथसागरात बुडालेल्या बाभळींचे बुंधे आहेत, जागोजागी जाळी आहेत. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायची फळी त्यांत अडकेल. व्ही आकाराला ती फळीच लागत नाही. ६ मीटरचं होडकं पाण्याच्या रेषेवर जेमतेम ३७ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ३० सेंटिमीटर बुडालेलं ठेवलं, तर गाळपेराच्या उथळ काठाजवळही नेता येईल. रुंद होडी ६ मीटर लांबीला ताशी ११ किलोमीटरच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकते. इतकं सडपातळ होडकं फार छोटी लाट उठवतं, त्यामुळे ती मर्यादा ओलांडू शकतं. मोबदल्यात ते सावकाश वळतं. वाऱ्याच्या तोंडावरून वळताना वेग हातचा सुटू द्यायचा नाही, हे शिकावं लागतं.

मोठी होडी बांधण्याआधी एक चतुर्थांश मापाचा नमुना शेततळ्यात तपासता येतो. लांबी दीड मीटर, पण वजन ४०० चा चौसष्टावा भाग, म्हणजे सव्वासहा किलो. नमुन्याचा वेग आणि त्याला लागणारा वारा मात्र निम्मा धरायचा. ताशी २७ किलोमीटरच्या वाऱ्यात नमुना तगला तर मोठी होडी ५४ मध्ये तगेल. ताशी ५४ च्या वाऱ्यात नमुना उलटला म्हणून आराखडा फेकून देऊ नये, कारण ती परीक्षा मोठ्या होडीसाठी ताशी १०८ किलोमीटरची ठरते. वजनाची जागाही मोठ्या होडीसारखीच हवी: वाळूच्या पिशव्या माणसं बसतील तिथे, त्याच उंचीवर बांधायच्या. नुसत्या तळाशी ठेवल्या तर नमुना खऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटेल.

आणि परवानगी. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. वनखात्याशी बोलल्याशिवाय पाण्यात काही उतरवू नये. इंजिनाचा आवाज नाही, तेलाचा तवंग नाही, हे सांगायला आपल्याकडे असेलच. होडी पक्ष्यांच्या उथळ काठांपासून कुठल्या महिन्यात किती दूर ठेवायची, ते त्यांच्याकडून आधी लिहून घ्यावं.