खरबुजाचं बियाणं: उत्पादन आणि साठवण

खरबूज (कुकुमिस मेलो) हे काकडी-भोपळ्याच्या कुळातलं वेलीवरचं फळ. बियाण्यासाठी लावलेलं खरबूज आणि बाजारासाठी लावलेलं खरबूज शेतात लांबून सारखंच दिसतं, पण दोन्हीचं गणित वेगळं. बाजारवाल्याला गोडी, रंग, सालीवरची जाळी आणि टिकाऊपणा हवा, सीड प्लॉटवाल्याला भरलेलं, शुद्ध जातीचं आणि उगवणारं बी हवं, मग फळ जास्त पिकून मऊ झालं तरी त्याचं काही बिघडत नाही, उलट बरंच. आपल्याकडच्या प्रमाणीकरणाच्या नियमात खरबुजाच्या बियाण्याची शुद्धता कमीत कमी ९८ टक्के, उगवण ६० टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त ७ टक्के (हवाबंद पाकिटात ६) धरलाय. ६० टक्के उगवण हा आकडा तसा फारच उदार आहे, नीट पिकवून नीट वाळवलेलं बी ९० च्या पुढे सहज जातं. एका ग्रॅममध्ये साधारण तीसेक बिया बसतात, आणि हायब्रीडचं (दोन वाणांच्या संकराचं) पाकीट आजकाल बियांच्या संख्येवर विकलं जातं, त्यामुळे प्रत्येक बी उगवलंच पाहिजे ही शेतकऱ्याची अपेक्षा चुकीची नाही.

कोण कोणाशी क्रॉस होतं

बीजोत्पादनातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. खरबुजाच्या बहुतेक जातींमध्ये एकाच वेलावर नर फुलं आणि उभयलिंगी फुलं असतात. नर फुलं मुख्य वेलावर झुपक्यांनी येतात, फळ धरणारी फुलं बाजूच्या फुटव्यांवर पहिल्या-दुसऱ्या पेऱ्याशी. फूल उभयलिंगी असलं तरी पराग जड आणि चिकट, वाऱ्यावर उडत नाही, माशी आल्याशिवाय फळ धरत नाही. सातेरी, आग्या, फुलोरी अशा मधमाश्या हे काम करतात, आणि माशी काही बांध बघून थांबत नाही, ती किलोमीटर-दोन किलोमीटर आरामात जाते. म्हणून सरळ वाणाच्या (हायब्रीड नसलेल्या) प्लॉटपासून दुसऱ्या कुठल्याही खरबुजाचं शेत पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बी करतात) साधारण १ किलोमीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी साधारण अर्धा किलोमीटर लांब असावं लागतं.

आता "दुसरं खरबूज" म्हणजे काय, तर कोकणातलं चिबूड, देशावरचं वाळूक, बांधावर आपोआप उगवणारं शेंदाड, उत्तरेतली फूट, ही सगळी एकाच प्रजातीतली भावंडं आहेत आणि एकमेकांशी बिनदिक्कत क्रॉस होतात. चिबूड, वाळूक पावसाळ्यातलं आणि खरबूज उन्हाळ्यातलं, त्यामुळे उघड्या शेतात सहसा गाठ पडत नाही, पण शेडनेटमध्ये वर्षभर लागवड सुरू झाल्यापासून हा भरवसा राहिलेला नाही. बांधावरचं शेंदाड फुलायच्या आधी उपटणं तर कंपल्सरी समजा, त्याचा पराग आला की पुढच्या पिढीत बारकी, फिकी, कधी कडू फळं निघतात.

उलट काकडीबद्दल उगाच भीती घातली जाते. शेजारी काकडी होती म्हणून खरबूज फिकं लागलं, असं गावोगाव ऐकायला मिळतं. काकडी ही वेगळी प्रजाती आहे, तिचा खरबुजाशी संकर होत नाही, कलिंगडाचाही नाही. आणि समजा दुसऱ्या खरबुजाचा पराग पडलाच, तरी त्याचा परिणाम आतल्या बियांवर, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पिकावर दिसतो, यंदाच्या गराच्या चवीवर नाही. यंदाचं फळ फिकं लागलं तर काढणीच्या तोंडावर दिलेलं जास्तीचं पाणी, ढगाळ हवा, नाहीतर भुरी-केवड्यासारख्या रोगांनी गेलेली पानं यातलंच काहीतरी कारण असतं.

सरळ वाण आणि हायब्रीड

सरळ वाणांमध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा शरबती आणि पुसा मधुरस, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचे हरा मधू आणि पंजाब सुनहरी, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जीत आणि अर्का राजहंस, राजस्थानचा दुर्गापुरा मधू ही नावं जुनी आणि माहितीतली. यांचं बी शेतकरी स्वतः धरू शकतो. फक्त एकाच सुंदर फळाचं बी ठेवायचा मोह टाळावा, चांगल्या पंधरा-वीस वेलांवरून थोडं थोडं घ्यावं म्हणजे वाणाचा पाया अरुंद होत नाही. भेसळ काढायला (रोगिंग) प्लॉटमधून फुलण्याआधी, फुलात असताना, फळ धरल्यावर आणि पिकताना असा चारदा तरी फेरा मारायचा. पानाची ठेवण, फळाचा आकार, जाळी, गराचा रंग यातलं काहीही वेगळं दिसलं की वेल मुळासकट बाहेर, नुसतं फळ तोडून भागत नाही कारण त्या वेलाचा पराग आधीच फिरलेला असतो. मोझॅक (पानं चट्टेरी करणारा विषाणूरोग) झालेले वेलही तेव्हाच काढायचे, खरबुजात काही विषाणू बियातून पुढे जातात.

हायब्रीडमध्ये खर्च आहे तो मजुरीचा. मादी वाणाचं उद्या उमलणारं फूल आज संध्याकाळी हेरायचं, चिमट्याने पाकळ्या जरा बाजूला करून त्यातले पुंकेसर (परागाचे दांडे) काढायचे, वर कागदी टोपी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नर वाणाचं ताजं फूल तोडून त्याचा पराग मादीच्या टोकाला हलक्या हाताने लावायचा. मग पुन्हा टोपी, देठाला रंगीत दोरा, आणि दोरा नसलेलं प्रत्येक फळ तोडून टाकायचं. याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. काम जास्त करून बायका करतात, नजर आणि बोटं दोन्ही लागतात, पुंकेसराचा एक तुकडा आत राहिला तरी त्या फळात स्वतःच्याच परागाचं बी धरतं आणि लॉट अशुद्ध. हा त्रास कमी करायला नरवंध्य (पराग न धरणारे) वाण वापरायची वाट पंजाबात निघाली, १९८१ साली आलेला पंजाब हायब्रीड हा एमएस-१ या नरवंध्य वाणाचा हरा मधूशी केलेला संकर. त्यात पुंकेसर काढायची गरज नाही, पण हा गुण अप्रभावी जनुकाचा (आई-बाप दोन्हींकडून आला तरच दिसणारा) असल्याने मादीच्या ओळीतली निम्मी झाडं परागवाली निघतात, ती फूल येताक्षणी ओळखून उपटावी लागतात. थोडक्यात काम हलकं होतं, संपत नाही.

महाराष्ट्रात या धंद्याचं केंद्र जालना आणि शेजारचा बुलढाण्यातला देऊळगाव राजा परिसर. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली आणि पुढे त्या भागात बियाणे कंपन्यांची रांगच लागली, बारवाले यांना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. कर्नाटकात राणेबेन्नूरचा पट्टाही असाच. कंपनी नर-मादीचं बी देते, शेतकरी शेडनेटमध्ये प्लॉट घेतो, आणि ठरलेल्या दराने सगळं बी कंपनी उचलते, पण उगवण आणि शुद्धता पास झाली तरच. शुद्धतेसाठी नमुना प्रत्यक्ष लावून झाडं वाढवून बघतात, त्याला ग्रो आऊट टेस्ट म्हणतात, हल्ली डीएनए मार्करनेही तपासतात. या टेस्टच्या रिझल्टपर्यंत पैसे अडकून राहतात ही शेतकऱ्यांची कायमची तक्रार आहे आणि ती रास्त आहे, कारण मजुरी तर दर आठवड्याला रोख द्यावी लागते. हायब्रीड फळातलं बी मात्र घरी धरू नये, पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि दहा वेलांवर दहा तऱ्हेची फळं लागतात.

फळ कधी तोडायचं आणि बी कसं काढायचं

खायला पिकलं म्हणजे बियाण्याला पिकलं असं नाही. जाळीवाल्या जातींमध्ये देठाभोवती चीर पडते आणि फळ हात लावताच सुटतं, तिथून पुढे फळ सावलीत आठवडाभर ठेवलं तर आतलं बी आणखी भरतं. घाईने तोडलेल्या फळातलं बी दिसायला पांढरंशुभ्र असतं पण हातात घेतलं की पातळ, दाबलं की पोकळ. वेलावरच सडलेली, फळमाशीने डंखलेली फळं यात घेऊ नयेत.

फळ उभं चिरून बी आणि भोवतालचा बुळबुळीत गर चमच्याने प्लॅस्टिकच्या टबात काढायचा, लोखंडी भांडं नको, बी काळं पडतं. पाणी जवळजवळ घालायचंच नाही, आणि हे सावलीत २४ ते ४८ तास आंबू द्यायचं, दिवसातून दोन-तीनदा लाकडी काठीने ढवळायचं. वर फेस येतो, वास आंबट मारतो, आणि बी चिमटीत चोळलं की बुळबुळ निघून खरखरीत लागतं, तेव्हा झालं. उन्हाळ्यात एका दिवसातही होतं, त्यामुळे घड्याळापेक्षा चिमटीवर भरवसा ठेवावा. जास्त वेळ ठेवलं तर बी टबातच मोड काढायला लागतं आणि तो लॉट गेला. मग भरपूर पाण्यात धुवायचं, पोकळ बी आणि गराचा चोथा वर तरंगतो, भरीव बी तळाशी बसतं. कंपन्या पुढे जिवाणूजन्य फळडागासाठी (अ‍ॅसिडोव्होरॅक्स सिट्रुली) बी आम्लाच्या किंवा क्लोरीनच्या द्रावणात बुडवून काढतात, हा रोग बियातून पसरतो आणि कलिंगड-खरबुजाचे अख्खे प्लॉट बसवतो.

वाळवण

इथेच चांगलं बी वाया जातं. धुतलेलं बी त्याच दिवशी जाळीवर किंवा कापडावर एका थरात पसरायचं, पहिले काही तास सावलीत वाऱ्याला, मग कोवळ्या उन्हात, आणि सारखं हलवत राहायचं नाहीतर गठ्ठे होतात. पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर दुपारच्या उन्हात टाकलं तर बी भाजतं, वरून काही कळत नाही, पेरल्यावर कळतं. ओलं बी ३५ अंशांच्या वर तापू नये. वाळलं की नाही हे बघायला बी दोन बोटांत मोडायचं, कट्‌कन तुटलं तर ठीक, वाकलं तर अजून ओलं.

साठवण

बियाण्याचे शत्रू दोन, ओलावा आणि उष्णता, आणि त्यातला ओलावा जास्त वाईट. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा की बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान सुमारे ५ अंशांनी कमी केलं तरी दुप्पट. म्हणजे ३० अंशांवरचं बी ५ अंशांच्या फ्रीजमध्ये गेलं तर कागदावर ३२ पट. प्रत्यक्षात इतकं काटेकोर होत नाही आणि ५ टक्क्यांच्या खाली हा नियम चालत नाही, पण दिशा बरोबर आहे. ७ टक्क्यांच्या आत वाळवलेलं खरबुजाचं बी थंड, कोरड्या जागी हवाबंद ठेवलं तर पाचेक वर्षं सहज टिकतं. तेच बी कोकणात पावसाळाभर कागदी पुडीत ठेवलं तर हवेतला ओलावा ओढून पुढच्या लागवडीपर्यंत निम्मं झालेलं असतं.

घरगुती प्रमाणावर बियाच्या वजनाइतकी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घालून आठवडाभर काचेच्या बरणीत बियासोबत ठेवायची, मग पुरचुंडी काढून घट्ट झाकण. ओलं बी हवाबंद करणं मात्र सगळ्यात वाईट, त्यापेक्षा उघडी पिशवी परवडली. फ्रीजमधली बरणी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं.

चिबडाची अडचण वेगळीच. ते पिकतं भाद्रपदात, गणपतीच्या सुमारास, गोव्यात माटोळीलाही (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आरासीला) लागतं, आणि नेमकं तेव्हा ऊन नसतं. म्हणून जुन्या घरांत बी राखेत घोळून चुलीवरच्या शिंक्यात ठेवायचे, किंवा शेणात मिसळून भिंतीला थापायचे आणि पुढच्या वर्षी थापटी फोडून पेरायचे. राख ओलावा शोषते, धुराने भुंगे लांब राहतात, पद्धत अडाणी अजिबात नाही. शेणाची थापटी मात्र स्वतःच हळू वाळते, त्यात बुरशी लागते, त्यामुळे राख आणि चूल हीच जोडी बरी, आणि चूल नसेल तर सिलिका जेल.

पेरणीआधी उगवण तपासायला १०० बिया ओल्या, पण पिळून काढलेल्या कापडात गुंडाळून २५ अंशांच्या आसपास ठेवायच्या, चौथ्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. कापड चिंब असेल तर या कुळातलं बी हवेअभावी कुजतं आणि चांगला लॉट नापास दिसतो. विकतच्या प्रमाणित बियाण्याच्या निळ्या टॅगवरची मुदत तपासणीपासून ९ महिने असते, पुन्हा तपासून ती ६-६ महिन्यांनी वाढवता येते, म्हणून मुदत संपलेलं प्रत्येक पाकीट मेलेलंच असतं असं नाही. गुलाबी-निळं औषध लावलेलं बी उरलं तर ते मगज म्हणून सोलून खायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावं.