क्लाउड फाइलींचे सामायीकरण व प्रवेशाधिकार : मोबाइलवरून

दूरच्या सर्व्हरवर साठवलेली फाइल, तिची प्रत न धाडता, दुसऱ्याला उघडून देण्याची आणि ती कोणी नुसती पाहायची, कोणी बदलायची हे हातातल्या फोनवरून ठरवण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात ‘ड्राइव्हवर टाक’, ‘लिंक पाठव’, ‘अ‍ॅक्सेस दे’ एवढ्यात हा व्यवहार उरकतो. नाशिक परिसरात अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील ड्रॉइंगपासून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांच्या कागदपत्रांपर्यंत तो रुळला आहे. फाइल अपलोड कशी करावी हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून प्रस्तुत नोंदीत प्रवेशाधिकाराच्या कल्पनेवर भर दिला आहे.

उगम व मतभेद : एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची सोय झाली, तेव्हाच कोणाची फाइल कोणी उघडायची हा प्रश्न उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. तिच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत दुसऱ्याच्या फाइलीशी दुवा जोडता येई. मात्र प्रत्येक फाइलीला परवानगी असलेल्यांची यादी जोडण्याची कल्पना (इथे यादी-हक्क) सुस्पष्टपणे मांडली गेली ती बहुधा मल्टिक्स प्रणालीच्या आराखड्यात. रॉबर्ट डेली व पीटर न्यूमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या निबंधात वाचणे, लिहिणे, चालवणे आणि शेवटी भर घालणे हे हक्क वेगवेगळे दाखवले आहेत. आजच्या व्ह्यूअर (नुसते पाहणारा) व एडिटर (बदल करू शकणारा) या भूमिकांचे मूळ बहुतेक अभ्यासक इथेच पाहतात. युनिक्स या संगणक-प्रणालीने पुढे ही योजना मालक, गट आणि इतर अशा तीन वर्गांत आटोपशीर केली.

दुसरी परंपरा जवळपास समकालीन आहे. जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्ये ‘कॅपॅबिलिटी’ ही संकल्पना मांडली. यात फाइलीपाशी नावांची यादी नसते. ज्याच्याजवळ विशिष्ट खूण आहे त्याला प्रवेश, मग तो कोणी का असेना. याला इथे धारक-हक्क म्हटले आहे. या कल्पनेचे श्रेय पूर्णपणे डेनिस व व्हॅन हॉर्न यांना द्यावे की बरोज बी ५००० या १९६१ च्या यंत्रातील डिस्क्रिप्टरांपर्यंत आणि राइस विद्यापीठाच्या संगणकापर्यंत मागे जावे, याबाबत एकमत नाही. डिस्क्रिप्टर हे स्मृतीच्या भागांचे संरक्षण करत, माणसामाणसांतील वाटपाचा विचार त्यांत नव्हता. म्हणून संकल्पनेपुरती १९६६ हीच मर्यादा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये या दोन्ही परंपरा एका कोष्टकात बसवल्या. आडव्या ओळींत माणसे, उभ्या स्तंभांत फाइली, चौकटीत हक्क. स्तंभ वाचला की यादी मिळते, ओळ वाचली की त्या माणसाजवळचे धारक-हक्क मिळतात. कागदावर दोन्ही सारखेच. व्यवहारात मात्र मोठा फरक पडतो : ‘ही फाइल आज कोण पाहू शकतो’ याचे उत्तर यादीत लगेच सापडते, धारक-हक्कात ते कुठेच लिहिलेले नसते. नाशिककरांना पहिली पद्धत नवी नाही. पंचवटी व त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यात्रेकरूला आधी गाव, आडनाव विचारतात आणि मगच त्या कुळाच्या नामावळीचे पान उघडतात. चोपडी उपाध्यायांकडेच राहते. यादी-हक्काचे सारे लक्षण त्यात आहे.

धारक-हक्क एकदा दिला की परत घेता येत नाही, असे पूर्वी ठामपणे लिहिले जाई. डेव्हिड रेडेल यांनी १९७४ मध्ये मधे एक टप्पा ठेवून तो रद्द करण्याची रीत दाखवली, आणि हे मत मागे पडले. आजची लिंक बंद करण्याची सोय तत्त्वतः तीच आहे. परंतु फाइलीची लिंक हा खराखुरा धारक-हक्क आहे का, याबद्दल वाद आहेच. काटेकोर मतानुसार धारक-हक्क प्रणालीच्या ताब्यात असावा लागतो, त्याची नक्कल साध्या मजकुरासारखी करता येऊ नये. लिंक तर कोणालाही चिकटवता येते, तेव्हा ती १९८६ च्या सुमारास वर्णिलेल्या, गुप्त आकडा हीच खूण मानणाऱ्या ‘पासवर्ड-कॅपॅबिलिटी’च्या जवळ जाते. दुसरे मत परिणामाकडे पाहते. लिंक जवळ असणाऱ्याला ओळख न विचारता प्रवेश मिळत असेल, तर ती धारक-हक्कच. फोन वापरणाऱ्याला सावध करायचे असेल तर हे दुसरे मत अधिक उपयोगी ठरते.

हॅरिसन, रुझो व उलमन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलेला एक निष्कर्ष इथे फार महत्त्वाचा आहे. हक्क पुढे देण्याची मुभा असलेल्या सर्वसाधारण व्यवस्थेत ‘हा हक्क अमक्या माणसापर्यंत कधी पोचेल का’ याचे खात्रीचे उत्तर देणारी एकच रीत असूच शकत नाही. प्रत्येक विशिष्ट सेवेला हे प्रमेय जसेच्या तसे लागू होते असे नाही, पण एडिटरला पुढे शेअर करण्याची परवानगी ठेवणाऱ्या मालकाने ही अनिश्चितता ध्यानात ठेवावी.

लिंकचे अंतरंग : लिंक सुरक्षित राहते ती तिचा अंदाज करता येत नाही म्हणून. गूगल ड्राइव्हच्या पत्त्यात फाइलीची ओळख सांगणारी लांबलचक, अर्थहीन अक्षरमाला असते. आकडे चालवून ती शोधणे व्यवहारात अशक्य. पण लिंक आखूड केली की गणित फिरते. इंग्रजीतली मोठी-लहान अक्षरे व अंक मिळून ६२ चिन्हे होतात. सहा चिन्हांच्या आखूड पत्त्याच्या शक्यता सुमारे ५,६८० कोटी, पाच चिन्हांच्या सुमारे ९१.६ कोटी. माणसाला हे आकडे अफाट वाटले तरी यंत्राला ते आटोक्यातले. मार्टिन जॉर्जिएव्ह व व्हिटाली श्माटिकोव्ह यांनी २०१६ मध्ये नेमके हेच दाखवले : आखूड पत्ते यादृच्छिक तपासून त्यांना अनोळखी लोकांच्या वनड्राइव्ह फाइली उघडता आल्या, आणि काही फोल्डरांत तर लिहिण्याचीही मुभा होती. अशा फोल्डरात कोणी घातक फाइल टाकली, तर ती मालकाच्या इतर उपकरणांवरही आपोआप उतरू शकते. मायक्रोसॉफ्टने त्याच सुमारास वनड्राइव्हमधील पत्ता आखूड करण्याची सोय काढून टाकली. त्याआधी मे २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या लिंका वेगळ्या वाटेने फुटल्या होत्या. सामायिक दस्तऐवजातील बाहेरच्या दुव्यावर टिचकी मारली की मूळ फाइलीचा पत्ता त्या दुसऱ्या संकेतस्थळाला कळत असे. गूगलने सप्टेंबर २०२१ मध्ये काही जुन्या फाइलींच्या पत्त्याला जादा किल्ली जोडली, त्यामुळे काही ठिकाणी आधी चालणाऱ्या लिंका पुन्हा परवानगी मागू लागल्या.

सेवा : ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये, आयक्लाउड ऑक्टोबर २०११ मध्ये, गूगल ड्राइव्ह २४ एप्रिल २०१२ रोजी खुले झाले. मायक्रोसॉफ्टचे स्कायड्राइव्ह २०१४ पासून वनड्राइव्ह या नावाने चालते. अँड्रॉइड फोनांत खाते उघडतानाच ड्राइव्ह मिळत असल्याने पुढील विवेचन त्याच्या अनुषंगाने केले आहे.

फोनवरील व्यवहार : ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये फाइलीशेजारचे तीन ठिपके दाबले की ‘शेअर’, ‘मॅनेज अ‍ॅक्सेस’ आणि ‘कॉपी लिंक’ असे पर्याय येतात. गोंधळ तिसऱ्यापासून सुरू होतो. ‘कॉपी लिंक’ने केवळ पत्ता उचलला जातो, हक्क दिला जात नाही. फाइल ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे केवळ नावे दिलेल्यांनाच खुली, असेल तर समोरच्याला परवानगी मागण्याचा पडदा दिसतो व मालकाच्या फोनवर विनंती येते. ती एकेकाला मंजूर करण्याचा कंटाळा आला, की ‘एनीवन विथ द लिंक’ निवडले जाते आणि यादी-हक्काची फाइल एका टिचकीसरशी धारक-हक्काची होते. फोनवर हा बदल सहज होतो, आणि लिंक तर बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, म्हणजे फॉरवर्ड होण्याच्या जागीच, टाकली जाते.

परवानगी असूनही फाइल न उघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण निराळे आहे. फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असतात. हक्क एका ईमेलला दिलेला असतो आणि अ‍ॅप दुसऱ्या खात्याने उघडलेले असते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे खाते मुलाने किंवा मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेले असेल, तर आपला ईमेल कोणता हेच त्यांना सांगता येत नाही. अशा वेळी लिंक सर्वांना खुली करण्यापेक्षा ड्राइव्हच्या वरच्या कोपऱ्यातील गोल चित्र दाबून खाते कोणते ते पाहावे. बहुधा तिथेच उलगडा होतो.

दिंडोरी तालुक्यातील निर्यातक्षम द्राक्षबागेचे उदाहरण घेऊ. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र शासनाच्या कृषी-निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही माग काढण्याची प्रणाली २००६ च्या सुमारास सुरू झाली. बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही आणि औषधांच्या उर्वरित अंशांचा प्रयोगशाळा अहवाल हे तिचे आधार. बागायतदाराने या सर्वांचे एक फोल्डर केले. त्यातच सातबारा व बँक पासबुकाचा फोटोही पडला. फवारणीचा तक्ता सल्लागाराने भरायचा म्हणून पूर्ण फोल्डरचा एडिटर हक्क त्याला दिला, आणि अहवाल पाहायला हवा म्हणून त्याच फोल्डरची खुली लिंक निर्यातदाराच्या माणसाला गेली. इथे चूक लिंकची नाही, फोल्डरच्या मांडणीची आहे. ड्राइव्हमध्ये वरच्या फोल्डरचा हक्क सहसा आतल्या प्रत्येक फाइलीला लागतो, नंतर टाकलेल्या फाइलीलाही. म्हणून सल्लागाराला केवळ तक्त्याचा एडिटर हक्क, निर्यातदाराला अहवालाच्या उपफोल्डरचा व्ह्यूअर हक्क, आणि पासबुक या फोल्डरच्या बाहेर अशी रचना हवी. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये सांगितलेले ‘कामापुरताच हक्क’ हे तत्त्व इतक्या साध्या पातळीवर लागू होते. त्यांनीच हेही बजावले होते की संरक्षणाची रीत माणसाला सहज वापरता आली पाहिजे, एरवी ती टाळली जाते. मोबाइलचा लहान पडदा पाहता त्यांचे हे दुसरे म्हणणे आज अधिक पटते.

एडिटरांनी पुढे शेअर करू नये आणि व्ह्यूअरांनी डाउनलोड, प्रिंट वा कॉपी करू नये, असे दोन बंधनांचे पर्याय सेटिंगमध्ये असतात. दुसरे बंधन अपुरे आहे. पडद्याचा स्क्रीनशॉट त्याने थांबत नाही. तसेच हक्क काढून घेतल्यावर आधी उतरवलेल्या प्रती परत येत नाहीत. औद्योगिक वसाहतीत सुट्या भागाचे ड्रॉइंग बाहेरच्या जॉबवर्कवाल्याला देताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे. तिथे लिंकचा खरा लाभ वेगळाच असतो : प्रत न पाठवता लिंक दिली, की सुधारित आवृत्ती सर्वांना एकदम दिसते आणि जुन्या मापावर माल निघण्याचा धोका कमी होतो.

हरवलेला फोन हा स्वतंत्र प्रश्न आहे. ड्राइव्ह अ‍ॅप कायम लॉग-इन असते. फोनचे कुलूप उघडले की मालकाचे सर्व हक्क हाती येतात. दुसऱ्या उपकरणावरून गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीत जाऊन त्या फोनला साइन-आउट करणे, हा पहिला उपाय होय.

डिजिलॉकर : १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेली ही शासकीय सेवा वरील पद्धतींहून वेगळी आहे. तिच्यातील ‘इश्यूड’ दस्तऐवज वापरकर्त्याने चढवलेले नसतात, ते देणाऱ्या विभागाच्या नोंदीतून येतात. २०१७ च्या नियमदुरुस्तीने त्यांना मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. स्वतः चढवलेल्या फोटोला तो दर्जा नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांसारख्या नाशिकच्या संस्थांत शिकणाऱ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा. गुणपत्रकाची ड्राइव्ह लिंक ही सोय आहे, पुरावा नव्हे.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणक प्रणालीत प्रवेश करणे वा माहिती उतरवणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे; अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. घरगुती कारणासाठी केलेली देवघेव त्यातून वगळली आहे. सोसायटीची, क्लासची किंवा यात्रा कंपनीची आधार कार्डांची खुली फोल्डरे मात्र घरगुती म्हणता येणार नाहीत. २०२६-२७ च्या सिंहस्थात निवास-नोंदणीचे काम करणाऱ्यांनी ओळखपत्रांसाठी खुल्या लिंकचा आश्रय घेऊ नये, असे आग्रहाने म्हणावे लागते.

मालकी : फाइल कोणाच्या जागेत मोजली जाते आणि कोणाच्या खात्याबरोबर नष्ट होते, हे मालकीवरून ठरते. ड्राइव्ह, जीमेल व फोटो मिळून गूगलची मोफत मर्यादा १५ जीबी असून ती मालकाच्या खात्यातून वजा होते. वैयक्तिक खात्यात मालकी दुसऱ्याकडे द्यायची, तर त्याने ती स्वीकारावी लागते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. मंडळाचे किंवा संस्थेचे दप्तर एखाद्या माजी कार्यवाहाच्या वैयक्तिक खात्यात पडून असेल, तर त्याची मालकी वेळीच चालू खात्याकडे घ्यावी. खाते निष्क्रिय झाल्यावर कोणाला काय मिळावे हे गूगलच्या इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये आधीच नोंदवता येते. अ‍ॅपलने तशीच सोय डिसेंबर २०२१ मध्ये लेगसी कॉन्टॅक्ट या नावाने दिली.