टोमॅटोचं काळं बूड आणि संक्रांतीची सुगडं

जानेवारीत आमच्या परसातल्या टोमॅटोला पहिली फळं धरली. लिंबाएवढी होईपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग एका सकाळी फळ उलटं करून पाहिलं, तर बुडाला भिजल्यासारखा डाग. आठवड्याभरात तो काळा पडला, खोलगट झाला, चामड्यासारखा चिवट लागायला लागला. एका झाडावर नऊ फळं, त्यातली सहा अशी. अळी नाही, कीड नाही. फार जीवाला लागलं.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चुना कमी पडला असंल. अंड्याची टरफलं टाक मातीत."

मावशींचं निम्मं बरोबर होतं. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की पेशींच्या भिंती आणि पडदे ढासळतात, आणि तिथेच हा डाग पडतो. पण आपल्या काळ्या मातीत कॅल्शियमची वानवा नसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला बेसॉल्ट झिजून ही माती बनली. थोडं खणलं की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. अशा अल्कधर्मी मातीत अंड्याचं टरफल विरघळायचं नावही घेत नाही.

घोडं अडतं ते वाहतुकीत. कॅल्शियम मुळांकडून वर जातं ते पाण्याबरोबरच. पानं दिवसभर वाफ सोडतात, म्हणून पाण्याचा ओढा पानांकडे. फळाची साल मेणचट, तिच्यातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यातून पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम पुन्हा फळाकडे वळत नाही. माती सुकली की पहिला उपास घडतो तो फळाच्या बुडाला. वर युरिया जास्त पडला तर पानं माजतात आणि फळाचा वाटा आणखी घटतो.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी वाफ्यात बादल्या ओतायच्या, मग सहा दिवस काही नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात, आणि पुढच्या वेळी ओतलेलं पाणी मुळांना टाळून भेगेतून थेट खाली जातं. यावर 'रोज थोडं पाणी द्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ते दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना हा सल्ला देववत नाही.

उत्तर घरातच होतं. संक्रांतीची पाच सुगडं पुजून झाल्यावर माळ्यावर चढतात. मागच्या वर्षीचीही तिथेच होती. नवरात्रात घट बसवतो तेव्हा काळ्या मातीत धान्य पेरून मध्ये पाण्याचं मडकं ठेवतो. मडकं पाझरतं आणि नऊ दिवसांत धान उगवून येतं. हेच वाफ्यात का नको? चीनमध्ये तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात पुरलेल्या मडक्याने पाणी द्यायची रीत लिहिलेली आहे.

यातली खुबी मला फार आवडते. भाजलेल्या मातीत डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती त्या छिद्रांतून पाणी शोषून घेते, ओली असली की ओढ मंदावते. किती पाणी हवं ते मातीच ठरवते. पाणी मुळांपाशी पडतं, वरची माती कोरडी राहते, उन्हाने पाणी उडत नाही आणि तणही कमी उगवतं.

जुन्या झाडांपाशी खणलं असतं तर मुळं तुटली असती, म्हणून जानेवारीअखेर नवी रोपं लावतानाच सुगडं गळ्यापर्यंत पुरली. दोन रोपांना पाच. सुगड लहान, त्यामुळे एका रोपाला एक पुरत नाही. सुगडं बिनरंगाचीच घ्या. ऑइलपेंट लावलेलं पाझरत नाही. तोंडावर दिवाळीची पणती पालथी घातली. झाकण हवंच, कारण साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. वर सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर दिला, त्यामुळे भेगा जवळजवळ थांबल्या. आधाराला तुराट्या. दर दोन दिवसांनी एक तांब्या घेऊन सुगडं भरायची, बास.

क्षारांच्या जड पाण्याने दीड महिन्यात सुगडाच्या काठावर पांढरा थर धरला आणि पाझर मंदावला. जुन्या माठात पाणी गार होत नाही, त्याचंही कारण हेच: क्षारांनी छिद्रं बुजतात. सुगडाच्या आतून लिंबाची फोड घासली, बारीक फेस आला, दोन दिवस उन्हात वाळवलं आणि पाझर बराचसा परत आला.

ती सहा फळं टाकली नाहीत. काळा भाग हा रोग नव्हे, तो कापून टाकला की बाकीचं खाता येतं. कच्च्या टोमॅटोच्या फोडी, शेंगदाणे, तीळ, हिरवी मिरची, लसूण तव्यावर परतून खलबत्त्यात कुटलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन दिवस पुरलं.

नव्या झाडांवर सुरुवातीची दोन फळं काळी झाली, नंतरची नाहीत. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला गेल्यावर फुलं गळायला लागली. एवढ्या उष्णतेत परागकण निकामी होतात, तिथे पाण्याचा उपाय चालत नाही. दुपारपुरतं जुनं लुगडं बांधून धरलेली फळं तेवढी वाचवली.

मेमध्ये झाडं उपटली तेव्हा एक सुगड सहजी निघेना. भोवतालची माती हाताने मोकळी केली, तर त्याच्या पोटाला पांढऱ्या मुळांची दाट जाळी विणलेली होती, आणि बोट लावलं तर ती अजून ओली होती.